अभ्यासक्रमाबाहेरचा नवरा

आयुष्यभर लिफ्टमधून वरखाली केलेला माणूस पडला तो जिन्यावरून. लिफ्ट दुरुस्त करायची म्हणजे लिफ्ट बंद, लिफ्ट बंद म्हणजे जिना आला, आणि जिन्याची पायांना सवय राहिलेली नाही. त्यातून फरशी नुकतीच पुसलेली, हातात हत्यारांची पेटी, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाशी मागे वळून बोलत उतरायची हौस. सगळे ज्यांना लिफ्टकाका म्हणायचे ते गृहस्थ पेटीसकट खाली आले. पेटीला ओरखडाही उठला नाही.

लिफ्टकाकांच्या डोक्याला मात्र जबर मार बसला. आत रक्त साकळलं, ते काढायला कवटी उघडावी लागली, आणि मेंदूची सूज उतरेपर्यंत त्यांना औषधं देऊन झोपवून ठेवलं. "एवढी झोप मिळतेय हे त्यांना कळलं तर केवढे खूश होतील," असं त्यांची बायको नर्सला म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

ही बायको म्हणजे गणिताच्या बाई. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा क्लास चालायचा. एक फळा, चार बाकं आणि दाराशी चपलांचा ढीग, एवढाच कारभार. पण बाईंकडे घातलेलं पोर नापास होत नाही, ही ख्याती लांबवर पसरलेली. बाईंची पद्धत सोपी होती. आधी पेपर काढणाऱ्याचं डोकं ओळखायचं, काय विचारणार ते हेरायचं, आणि तेवढंच पोराकडून असं घोटून घ्यायचं की त्याने झोपेतसुद्धा बरोबर उत्तर द्यावं. पोराला गणित समजलं का, हा प्रश्न बाई फारसा काढत नसत. पोटचं मूल नव्हतं, त्यामुळे सगळी माया आणि सगळा धाक याच पोरांच्या वाट्याला येई. उरलेला धाक लिफ्टकाकांना.

तर अशा बाईंची गाठ पडली एका मेंदूच्या डॉक्टरांशी, ज्यांना कशाचंही उत्तर येत नव्हतं. शुद्धीवर कधी येतील? बघूया. बोलतील ना? बघूया. चालतील? बघूया. बाईंनी त्यांचं नाव बघूया-डॉक्टर ठेवलं आणि मनातल्या मनात त्यांना शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं.

तिकडे वन्सं, म्हणजे लिफ्टकाकांची थोरली बहीण, दुसऱ्या शहरात गुडघे धरून बसलेल्या. प्रवास झेपत नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्यांचा फोन.

"काय म्हणतात डॉक्टर?"

"बघूया म्हणतात, वन्सं."

"अगं, बघूया काय? किती टक्के ते विचार. एवढी मोठी मशिनं आणून ठेवलीत, टक्के सांगता येत नाहीत होय त्यांना?"

बाईंनी विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"एक हिशेब आहे," ते म्हणाले. "वय, डोळ्यांच्या बाहुल्या, हातापायांची हालचाल, स्कॅन, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं की टक्के निघतात. पण ते शंभर माणसांचे असतात, बाई. त्या शंभरात तुमचे मिस्टर कुठे बसलेत, ते कॉम्प्युटरला कळत नाही."

हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. संभाव्यता हा त्यांचा आवडता धडा. पिशवीत इतके लाल चेंडू, इतके निळे, न बघता एक काढला तर तो लाल असण्याची शक्यता किती, हे त्यांनी पोरांच्या पिढ्यांना शिकवलं होतं. पण पिशवीतला चेंडू आपल्या घरातला असला की गणिताचं काही खरं नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना शक्यता नको होती. त्यांना नवरा हवा होता, होता तसा.

लिफ्टकाका जागे झाले आणि लगेच कामाला लागले. वॉर्ड म्हणजे अडकलेली लिफ्ट आहे अशी त्यांची समजूत झाली होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना ते पुन्हा पुन्हा धीर द्यायचे, "घाबरू नका, वरून हवा येते. मी आलोय ना." नर्सने गोळी दिली की तिच्याकडे पक्कड मागायचे. बाई आल्या की नीट उशीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "या बाई, बसा."

यात बाईंना काही वावगं वाटलं नाही. घरी त्या फार शिस्त लावायला लागल्या की लिफ्टकाका त्यांना असंच 'बाई' म्हणून चिडवायचे आणि 'तुम्ही, तुम्ही' करायचे. स्वभाव तरी जागेवर आहे, असं समजून त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग आली कार्डवाली. ही पोरसवदा थेरपिस्ट रोज सकाळी खाटेशी खुर्ची ओढायची आणि लिफ्टकाकांना ठरलेले प्रश्न विचारायची. वय काय, महिना कुठला, वर्ष कुठलं, आत्ता सकाळ की दुपार, आपण कुठे आहोत, मला आधी पाहिलंय का, माझं नाव काय. शेवटी तीन चित्रांची कार्डं दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी ती ओळखायला लावायची. पहिल्या दिवशी लिफ्टकाकांनी वय सोडून सगळं चुकवलं. वयसुद्धा बहुतेक नशिबानेच बरोबर आलं.

"हे कशासाठी?" बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"डोकं सावरताना आधी धुकं असतं, काकू. नवीन काही आत टिकत नाही. ते धुकं किती दिवस राहिलं, त्यावरून पुढे माणूस किती परत येईल याचा बराच अंदाज बांधता येतो. ओळीने तीन दिवस सगळी उत्तरं बरोबर आली की धुकं हटलं असं आम्ही धरतो."

"लवकर हटलं तर?"

"तर चांगलंच. काम, गाडी, व्यवहार, सगळं जमण्याची आशा जास्त."

"आणि उशिरा?"

"उशिरा हटलं तर सबुरीने घ्यावं लागतं. माणूस घरी जातो. पण जुना सगळाच्या सगळा येतो असं नाही."

एवढ्या बोलण्यातून बाईंच्या कानात तीनच गोष्टी शिरल्या. परीक्षा आहे. प्रश्न ठरलेले आहेत. आणि जितक्या लवकर पास, तितका नवरा जास्त. असा सोपा पेपर त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

त्याच दुपारी क्लास सुरू झाला. बाईंनी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि विचारलं, "महिना कुठला?" लिफ्टकाकांनी चुकीचा सांगितला. बाईंनी बरोबर सांगितला आणि पुन्हा विचारलं. मग पुन्हा. मध्येच वर्ष, मध्येच हॉस्पिटलचं नाव, मग परत महिना. भेटीची वेळ संपेपर्यंत शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचंही सगळं पाठ झालं होतं.

चित्रांसाठी बाईंकडे खास युक्ती होती. सकाळी खाटेच्या पायथ्याशी उभं राहायला त्यांना परवानगी होती, तिथून कार्डं स्पष्ट दिसत. शिडी, बदक, घड्याळ. दुपारी बाईंनी त्यांची साखळी करून दिली. "बदक शिडीवर चढलं, किती वाजले ते बघायला. म्हणा."

"बदकाने शिडी कशाला घ्यायची?" लिफ्टकाकांनी विचारलं. "लिफ्ट नव्हती?"

"लिफ्ट बंद होती. म्हणा."

लिफ्टकाकांनी मुकाट्याने म्हटलं.

मार्क चढू लागले. बाईंना जुना उत्साह आला. घरचा क्लास त्यांनी मोठ्या पोरांवर सोपवला आणि सगळी ताकद या एका विद्यार्थ्यावर लावली. कार्डवालीने चित्रं बदलली की साखळी बदलायची. तिचं नाव लिफ्टकाका विसरत, म्हणून तिची वेणी, मग चष्मा, मग नाव असा क्रम लावून दिला. वन्संना रोजचा निकाल फोनवर कळवला जाई. बघता बघता एक सकाळ अशी आली की लिफ्टकाकांनी सगळे प्रश्न बरोबर सोडवले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तर कार्डवालीने प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर दिलं.

कार्डवाली हरखून गेली. बघूया-डॉक्टरांनी चष्मा न पुसता सांगितलं, "छान आहे. असं असेल तर काही महिन्यांत कामावरसुद्धा जातील." पुढच्या आठवड्यात सोडायची भाषा सुरू झाली. बाईंनी तिथूनच वन्संना फोन लावला आणि ऐंशी टक्के सांगितले. ऐंशी हा आकडा कुणी दिला नव्हता, पण शुभ बातमीला आकडा लागतोच.

त्या दुपारी पहिल्यांदाच क्लास नव्हता. बाई सफरचंद चिरत निवांत बसल्या होत्या. लिफ्टकाका बराच वेळ त्यांच्याकडे बघत होते.

"बाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"तुम्ही रोज येता. संध्याकाळपर्यंत बसता. माझ्यासाठी एवढं घसा फोडून शिकवता. घरी तुमचे मिस्टर काही म्हणत नाहीत?"

बाई हसल्या. चिडवतायत, दुसरं काय. पण वर बघितलं तर लिफ्टकाकांचा चेहरा अगदी सरळ होता, परक्या बाईशी बोलताना सज्जन माणसाचा असतो तसा.

"नाही, म्हणजे, माझी मिसेसही क्लास घेते," ते पुढे सांगू लागले. "तुमच्यासारखीच कडक. तुमची ओळख करून दिली असती, पण ती अजून आलेली नाही बघायला. पोरांच्या परीक्षा जवळ आल्या असतील. परीक्षा आल्या की तिला दुसरं काही दिसत नाही. तशी वाईट नाही हो ती."

बाईंच्या हातातली सुरी तशीच राहिली. महिना, वर्ष, बदक, घड्याळ, सगळं त्यांनी घोटून घेतलं होतं. 'मी कोण' हा प्रश्न पेपरात नव्हता, म्हणून त्यांनी विचारलाच नव्हता.

"मीच तुमची मिसेस," त्या कशाबशा म्हणाल्या.

लिफ्टकाकांनी घाईघाईने इकडेतिकडे पाहिलं. "बाई, असं चेष्टेतही बोलू नका. तिच्या कानावर गेलं तर तुमचा नि माझा, दोघांचा निकाल लावेल."

बाई उठल्या त्या थेट कार्डवालीच्या खोलीत गेल्या. आत ती डबा खात होती. बाईंनी दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. खोटं रेटून न्यायचंच असतं तर त्यांना ते जमलंही असतं, निकाल तर हातात होता. पण ऐंशी टक्के नवरा घरी न्यायचा आणि त्याने दारात विचारायचं की या घरातल्या बाई कुठे आहेत, या कल्पनेपुढे त्या निकालाची किंमत शून्य होती.

"किती दिवस शिकवत होतात?" कार्डवालीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. पेपर फोडला मी तुमचा."

कार्डवाली रागावली नाही. तिने घास गिळला, बाईंना बसवलं, पाणी दिलं. "काकू, ही पास व्हायची परीक्षा नव्हती हो. हा थर्मामीटर होता. तुम्ही ताप उतरवला नाहीत, थर्मामीटर गार पाण्यात धरलात."

"मग आता खरा ताप किती?"

"तेच आता कुणाला माहीत नाही."

ते ऐकून बाई ओक्साबोक्शी रडल्या. एरवी अंदाज सांगत नाही म्हणून डॉक्टरांवर डाफरणाऱ्या बाईंनी जो काही अंदाज मिळणार होता तो स्वतःच्या हाताने बुडवला होता. कार्डवाली शेजारी बसून राहिली. मग तिने नवे नियम घातले. सोडायची गोष्ट बंद. नवी चित्रं, आणि ती दाखवताना बाईंनी व्हरांड्यात थांबायचं. दुपारी यायचं, पण दिवस, महिना, जागा, चित्रं यातलं काही काढायचं नाही. आपण मिसेस आहोत हेही पढवायचं नाही, ते त्यांचं त्यांना ओळखू द्यायचं.

"मग बोलायचं काय?" बाईंनी विचारलं.

"काहीही. गप्पा मारा."

हे बाईंना अजिबात जमत नव्हतं. संसारात गप्पांचं खातं लिफ्टकाकांकडे होतं. बाईंचं काम त्या थांबवायचं. पहिल्या दुपारी त्यांनी "आज बस वेळेवर आली" एवढं वाक्य टाकलं आणि पुढे तोंड बंद. लिफ्टकाकांनाच त्यांची दया आली असावी. ते आपणहून बोलायला लागले. लिफ्टमध्ये अडकलेल्या वऱ्हाडाचं सांगितलं, बटणांशी भांडणाऱ्या आजींचं सांगितलं. महिना भलताच सांगितला तेव्हा बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. चुकलेलं उत्तर ऐकून गप्प बसण्याइतकं अवघड काम त्यांनी आजवर केलं नव्हतं.

सकाळचे मार्क धपकन खाली आले होते. वन्संचा फोन आला की बाई गुडघ्यांचीच चौकशी जास्त करू लागल्या.

आणि लिफ्टकाका फिरून फिरून बायकोवर यायचे.

"एक सांगू का बाई? तिची पोरं पास होतात ना, त्या दिवशी ती गुणगुणते. घरभर. भांडी घासताना, फळा पुसताना. तिला स्वतःला पत्ता नसतो. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम कामावरून लवकर घरी येतो. दारातून हळूच आत शिरतो नि पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसतो. तिला वाटतं, आज लिफ्टा कमी बिघडल्या."

बाईंना खरंच तसंच वाटत आलं होतं.

"तिला कधी सांगितलंत का हे?"

"छे. सांगितलं तर थांबेल ना. आणि डोक्यावर चढून बसेल ते वेगळंच. तुम्हीही बोलू नका."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हा माणूस त्यांच्याशी असं कधी बोलला नव्हता. परकी होऊन त्याच्या खाटेशी बसल्यावरच ते त्यांना मिळालं, आणि त्यांना सुख झालं आणि त्याच वेळी स्वतःचाच हेवा वाटला. पेपराबाहेरचं केवढं राहून गेलं होतं, असं मनात येऊन त्या सफरचंद चिरत राहिल्या.

धुकं हटलं ते सावकाश, पार ऋतू बदलताना. कधी एक उत्तर बरोबर यायचं, कधी दोन जायची. बाई व्हरांड्यात उभ्या राहत आणि कार्डवाली बाहेर आली की तिला काही विचारत नसत. शेवटी एके दिवशी तीच आपणहून म्हणाली, "तीन दिवस झाले, काकू. सगळी बरोबर. आणि या खेपेला त्यांची स्वतःची आहेत."

बघूया-डॉक्टरांनी मग बाईंना आणि कार्डवालीला बसवून सांगितलं. धुकं लांबलं होतं, त्यामुळे अंदाजही बेताचा. घरी जातील. चालतील, बोलतील, स्वतःचं करतील. पण उंचावर चढून तारा जोडायचं काम पुन्हा जमेल असं वाटत नाही. लवकर थकतील, चटकन चिडतील, सांगितलेलं विसरतील. अजून सुधारणा होईल, पण किती ते—

"बघूया," बाईच म्हणाल्या.

संध्याकाळी वन्संनी फोनवर विचारलं, "मग शेवटी किती टक्के?"

"टक्के सोडा आता, वन्सं. जेवढे आहेत तेवढे माझे आहेत," बाई म्हणाल्या आणि वन्संच्या गुडघ्यांकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई वॉर्डात शिरल्या तेव्हा लिफ्टकाका दाराकडेच डोळे लावून बसले होते.

"आलीस एकदाची," ते म्हणाले. "पोरांच्या परीक्षा संपल्या वाटतं? नवरा इथे पडलाय नि तुझा पत्ता नाही."

पहिल्या दिवसापासून बाई याच वाक्यासाठी झटत होत्या, आणि ते आलं तेव्हा कुणी शिकवलेलं नव्हतं. "हो, संपल्या," त्या म्हणाल्या. "आता कुठे जात नाही."

"बस इथे." लिफ्टकाकांनी त्यांचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "तू नव्हतीस तेव्हा एक बाई यायची. रोज. कुणी पाठवली देव जाणे. आधी नुसती शिकवायची, मग पुढे गप्प बसून ऐकायची. मी पण काय काय बडबडून बसलोय तिच्याजवळ. तुला भेटली का गं ती?"

"भेटली."

लिफ्टकाका जरा दचकले. "काही बोलली माझ्याबद्दल?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "एक अक्षर बोलली नाही."

"भली बाई." लिफ्टकाकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि उशीला टेकले. "पुन्हा दिसली तर आभार मान तिचे. आणि तिच्या मिस्टरांचे पण. आपली बायको रोज दुसऱ्याच्या खाटेशी पाठवायची म्हणजे माणूस मोठा दिलदार असणार."

"आहेत," बाई म्हणाल्या.